तपासलेलं पाणी

...आणि वर मलाच विचारतात, "शिक्का कुठंय?" अरे, विहीर तुमची, पाणी तुमचं, पोट तुमचं, आणि शिक्का माझ्याकडं मागता? मी काय कलेक्टर हाय? सातवीत दोनदा बसलेला पोरगा मी, तिसऱ्यांदा बसायला गेलो तर बाकच मोडलं, म्हणून सोडली शाळा... पण तुम्हाला सांगतो, ह्या गावात माझ्यापेक्षा शहाणं कोण असेल तर ती एक आमची शेळी. ती निदान पाण्याला तोंड लावायच्या आधी हुंगते तरी. माणसं हुंगत न्हायत. माणसं विचारतात, शिक्का हाय का?

थांबा, पहिल्यापासनं सांगतो, न्हायतर तुम्हीपण तेच विचाराल.

आमचं गाव भिवंडीच्या बाहेर, वज्रेश्वरीच्या रस्त्याला. अर्धी माणसं भातात, अर्धी भिवंडीच्या निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर, शिफ्ट सुटली की कानात खडखडाट घेऊन घरी येतात आणि बायकोशी ओरडून बोलतात. गाडी थांबते तिथं चावडी, चावडीच्या भिंतीला एक काळा फळा. गावात पेपर येतो एकच, तो केसरीनाथ मास्तरांकडं, मग त्यातल्या तीन-चार बातम्या रोज सकाळी फळ्यावर लिहायच्या, म्हणजे गाडीची वाट बघणाऱ्याला जगाची खबर. लिहिणार कोण? मी. का? तर अक्षर. माझं अक्षर बघून मास्तर हळहळायचे, "म्हणजे काय तर, देवाने चुकून हात एकाचा आणि डोकं दुसऱ्याचं बसवलं." प्रत्येक वाक्याला 'म्हणजे काय तर', आणि सांगणार काही न्हाय. पण खडू फुकट मिळायचा, माणसं माझं लिहिलेलं मान वर करून वाचायची, मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मग पंचाहत्तर साली आणीबाणी लागली. मला वाटलं दिल्लीत लागली असेल, आपल्याला काय? तर एक दिवस तालुक्याहून साहेब आले, जीपमधून, आणि थेट फळ्यासमोर उभे. बातम्या होत्या काय? एक पावसाची, एक कापसाच्या भावाची, एक कुठल्याशा कुस्तीची. साहेबांनी तिन्ही अशा वाचल्या जशी फळ्यामागं बंदूक लपवलेली हाय. मग मास्तरांना सांगितलं, ह्यापुढं जे लिहाल ते आधी तपासायचं, तपासलं की शिक्का मारायचा. आणि लाकडी मुठीचा एक रबरी शिक्का दिला. गोल. आत लिहिलेलं, 'तपासले, हरकत नाही.'

आता मला सांगा, काळ्या फळ्यावर जांभळ्या शाईचा शिक्का दिसतो का? मास्तरांनी पहिल्या दिवशी मारला. दिसेना. जोरात मारला. दिसेना. तिसऱ्यांदा असा हाणला की कुस्तीची बातमी पुसली गेली आणि रबरात खडू भरला. आठ दिवस हा माणूस पिनेनं शिक्का कोरत बसला होता. शेवटी शक्कल निघाली, कागदाच्या चिठ्ठीवर शिक्का मारायचा, सही करायची, आणि लूमवाल्यांकडची खळ लावून चिठ्ठी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात डकवायची. रोज नवी बातमी, रोज नवी चिठ्ठी. आठवडाभर चाललं. मग मास्तरांना सकाळी उठायचा कंटाळा. मग त्यांनी एक चिठ्ठी केली मोठी, पुठ्ठ्यावर, शिक्का ठळक, सही लांबलचक, तारीख न्हाय, आणि तिला काच लावून दिली खिळ्यानं ठोकून. झालं. आता फळ्यावर रामायण लिहा न्हायतर शिव्या लिहा, खाली कायमचं 'तपासले, हरकत नाही.'

ह्याला म्हणतात बंदोबस्त. दाराला कुलूप, आणि चावी कुलपातच.

आणि एवढ्यावर थांबले का? न्हाय. साहेबांनी सांगितलं, लोकांना बातमी वाचायचं शिक्षणपण द्या. अडाणी लोक हायत, कायपण वाचतात, कायपण खरं मानतात. मग मास्तरांच्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात दुपारी चारला नवीन विषय, 'बातमी कशी वाचावी.' तालुक्याहून पुस्तिका आली, पुस्तिकेवरपण शिक्का. पहिल्याच दिवशी मास्तर खुर्चीवर बसून सांगतात, "म्हणजे काय तर, बातमी नेहमी खालून वाचायची. आधी शिक्का बघायचा. शिक्का असेल तर वर जायचं. शिक्का नसेल तर पुढे जायचं." आणि समोर वीस-पंचवीस माणसं माना डोलावतायत. त्यात बायजाबाई. सत्तरीची म्हातारी, नवरा गेलेला, एकटी राहते, कोंबड्या पाळते, आयुष्यात अक्षर ओळखलं न्हाय. तिनं काय शिकलं? तो जांभळा गोल. येताजाता फळ्यापुढं थांबायची, वाकून कोपरा बघायची आणि बोलायची, "हाय गो बाय, शिक्का हाय." आणि पुढं जायची. वर काय लिवलंय ते विचारायचीपण न्हाय. मी विचारलं, आजी, बातमी नको का? तर बोलते कशी, "मास्तरानी बगितली ना? मंग माजा काय काम?"

आता माझ्यासारख्या पोराच्या हातात खडू हाय, वर फळा हाय, खाली कायमचा शिक्का हाय, आणि समोर अख्खं गाव खालून वाचतंय... तुम्ही काय केलं असतं? पूजा?

मी लिहिलं, 'वज्रेश्वरीच्या कुंडाचे गरम पाणी नळाने आपल्या गावात आणण्याची योजना मंजूर. उद्या सकाळी आठ वाजता चावडीपुढे वाटप. प्रत्येक घरी एक हंडा. हंडा स्वतःचा आणावा.' शेवटचं वाक्य मला लई आवडलं होतं. सरकारी वाटतं ना? हंडा स्वतःचा आणावा.

मला वाटलं होतं दहाएक जण फसतील. सकाळी जाऊन बघतो तर चावडीपासून पिंपळापर्यंत रांग. हंडे, कळश्या, बादल्या, एकानं तर टोपलं आणलेलं, त्याला बायको शिव्या देतेय. बायका पाठ शेकायची गोष्ट करतायत. माझी आई गुणाबाई, माझी बहीण काशी, सातवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली, तीपण कमरेला हात लावून उभी. वज्रेश्वरी चार कोस लांब, नळ कुठं, खोदकाम कुठं, पाइप कुठं? एकाच्यापण डोक्यात आलं न्हाय. आणि रांगेत पुढून सातवा कोण? केसरीनाथ मास्तर. पितळेची बादली घेऊन.

मी गेलो जवळ. मी बोललो, मास्तर, तुम्हीपण? ही बातमी पेपरात होती का? तर मास्तर हळू आवाजात बोलतात, "पेपर मी काल वाचला नाही रे. पण शिक्का आहे ना खाली."

स्वतःचा शिक्का! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला हसूपण आलं न्हाय. भीती वाटली.

दहा वाजता ऊन चढलं, माणसं पांगली. मला वाटलं आता मार बसणार. मी शेवटी खरं सांगूनपण टाकलं, की मी लिहिलं, मस्करी केली. पटलं न्हाय कोणाला. "तू कोन लिवनार? शिक्का होता." मग ठरलं काय, तर योजना होती पण वरनं रद्द झाली. तिकडच्या गावांनी पाणी पळवलं. आजपण माणसं त्या गावांच्या नावानं बोटं मोडतात. मी कबुली देतोय, आणि माझी कबुली चालत न्हाय, का तर कबुलीवर शिक्का न्हाय.

बरं, ही झाली मस्करी. आता ऐका.

गावच्या विहिरीला लागून दाजीची जमीन. दाजी म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी, आणि भात बंद करून तिथं टाकला रंगाचा कारखाना. भिवंडीचं सूत यायचं, रंगून जायचं. आणि रंगाचं पाणी कुठं जायचं? पाठीमागं एक खड्डा. खड्ड्यापासून विहीर किती लांब? मी पावलं मोजली. बावीस. पावसाळा संपला, आणि मी बघतो तर आमच्या शेळीनं विहिरीजवळच्या हौदाकडं पाठ फिरवली. मी बनियन धुतला, तो सुकल्यावर गुलाबी. पांढऱ्या भाताला कसली तरी छटा. आई बोलली, तांदूळ नवा हाय. कारखान्यात युसूफभाई रंगारी, मालेगावचा, हात कोपरापर्यंत निळे. त्याला विचारलं, तर त्यानं प्यायच्या पाण्याचा डबा दाखवला, सायकलला बांधलेला, निजामपुऱ्यातनं भरून आणतो. बोलला, "हम तो इधर का पानी मुँह में भी नहीं लेते. तेरे घर में बोल दे."

घरात काय बोलू? घरात काशी. तीन दिवस उलट्या. सुईण बोलली, पोटुशी बाईला होतंच. चौथ्या दिवशी काशीला हगवण लागली, डोळे आत गेले, आणि आई तिला काय देतेय? पाणी. त्याच विहिरीचं. भरपूर पी बाय, पोटात थंडावा राहील. मी हंडा लवंडला तर आईनं मला उलथनं फेकून मारलं.

मग मी फळ्यावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा खरी बातमी लिहिली, तीपण इतक्या सुंदर अक्षरात की विचारू नका. 'गावच्या विहिरीत रंगाच्या कारखान्याचे पाणी उतरत आहे. पिऊ नये.' एवढंच. हंडा स्वतःचा आणावा वगैरे कायपण न्हाय. खाली चिठ्ठी होतीच. मी मनात बोललो, आता बघू, ह्या शिक्क्याचा एकदा तरी काय उपयोग होतोय.

पण गाव उठायच्या आधी दाजी उठतो. आला, फटफटी थांबवली, वाचलं. आणि तुम्हाला सांगतो, माणूस नालायक पण डोकं काय! त्यानं माझी बातमी पुसली न्हाय. एक अक्षर पुसलं न्हाय. खिळा वाकवला, काच सरकवली, चिठ्ठी काढली, घडी करून खिशात घातली आणि गेला.

बस. माणसं आली, वाकली, कोपरा बघितला, कोपरा रिकामा. पुढं गेली. 'पिऊ नये'च्या खालून हंडे घेऊन गेली विहिरीवर! मी मध्ये उभा राहून ओरडतोय, वरचं वाचा, वरचं वाचा, आणि बायजाबाई बोलते, "लडकू, शिक्का न्हाय रं त्याच्यावर."

घरी गेलो. काशी खाटेवर. मी तिला बोललो, ताई, हे पाणी नको पिऊ, पाया पडतो. ती मला बोलते, "लडक्या, गरम पान्यासाठी मला दोन तास उभी केलीस तू."

मी बोललो, तेव्हा खोटं होतं तर विश्वास ठेवलास, आता खरं हाय तर ठेव ना.

"तवा शिक्का होता," ती बोलली आणि तांब्या तोंडाला लावला.

बहीण मरायला टेकलीय आणि नियम सांगतेय. मी मास्तरांकडं पळालो. मास्तर दुपारच्या झोपेतनं उठलेले. मी सगळं सांगितलं, बावीस पावलं, बनियन, युसूफभाई, काशी. सगळं ऐकून घेतलं. आणि बोलले काय, की असेल बाबा खरं, पण म्हणजे काय तर, तपासलेलं नाही, आणि अशा बातमीने घबराट होते, वरून पत्र आलंय की घबराट होईल असं काही नको, शिवाय दाजी वर्गाच्या कमिटीवर हायत, खुर्ची त्यांनीच दिलीय. मी बोललो, मग तपासा. तर बोलले, आता चार वाजले, वर्गाची वेळ झाली.

वर्गाची वेळ झाली... ठीक हाय. मी मास्तरांच्याच घरातला काचेचा ग्लास उचलला, पळत विहिरीवर गेलो, भरला, पळत शाळेत आलो. वर्ग भरलेला. विषय काय? अफवा कशी ओळखावी. मास्तर सांगतायत, "अफवेला पाय असतात, पण शिक्का नसतो." सगळी माणसं मान डोलावतायत. मी सरळ पुढं गेलो आणि ग्लास ठेवला टेबलावर, त्या पुस्तिकेशेजारी. पितळेच्या हंड्यात रंग कळत न्हाय हो, आमच्या सगळ्यांच्या घरी पितळ न्हायतर माती. काचेत कळतो. खिडकीतनं ऊन येत होतं. ग्लासाची सावली पुस्तिकेच्या पांढऱ्या पानावर पडली, ती फिक्की गुलाबी.

मास्तर बोलले, "लडकू, हे काय?"

"गावच्या विहिरीचं पाणी. तपासा."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. मग बोलले, "मला आत्ता तहान नाही."

मागनं बायजाबाईचा आवाज आला, अगदी सरळ, त्यात चेष्टा न्हाय की काय न्हाय. "मास्तर, मगाशीच बोललात, बोलून बोलून घसा सुकला. प्या की. आमी रोज पितो."

मास्तरांनी ग्लासाकडं बघितलं. मग एका बोटानं, फक्त एका बोटानं, ग्लास आपल्यापासून लांब सरकवला. पुस्तिका उचलून मांडीवर घेतली, भिजू नये म्हणून. आणि सांगितलं की आज वर्ग लवकर सुटला.

माणसं उठली. बायजाबाई उठली, ती घरी न जाता आमच्याकडं आली, काशीच्या उशाचा तांब्या घेतला आणि दाराबाहेर ओतला. मग हंडा ओतला. मग माझ्या आईकडं बघून बोलली, "मास्तर प्याला न्हाय." एवढंच. माझी आई, जिनं मला उलथनं मारलं होतं, तिनं राहिलेली कळशी स्वतः ओतली. तीन शब्दांवर! मी अख्ख्या फळ्यावर मोत्यासारखं लिहिलं ते गेलं पाण्यात, आणि मास्तर प्याला न्हाय हे दिवे लागायच्या आत घराघरांत. कुठं लिहिलं न्हाय, शिक्का न्हाय, काय न्हाय. सकाळी गावच्या विहिरीवर कुत्रं न्हाय. सगळ्या बायका अर्ध्या मैलावरच्या कातकरी वाडीच्या विहिरीवर. काशीला ते पाणी उकळून दिलं, भिवंडीच्या डॉक्टरची पुडी दिली, पाचव्या दिवशी ती बसून भाकरी खायला लागली आणि माझ्या अंगावर ओरडायला लागली, म्हणजे बरी झाली.

आता तुम्ही बोलाल, मग सुधरलं ना गाव? हां, सुधरलं! दाजी गप बसेल का? दोन दिवसांनी मास्तरांनी मला बोलावलं आणि बातमी सांगितली लिहायला. 'गावच्या विहिरीचे पाणी तपासले असून ते पूर्णपणे शुद्ध आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये.' मी बोललो, मी न्हाय लिहिणार. तर मास्तरांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, की तालुक्यात तुझं नाव कळवलं तर ते लोक उचलून नेताना वय विचारत नाहीत. माझी आई दारात उभी होती, तिनं हात जोडले. मास्तरांना न्हाय, मला. काय करता... लिहिलं. खाली नवी चिठ्ठी, नवी काच, ह्या वेळी तारीखपण.

बायजाबाई वाडीच्या विहिरीवरनं हंडा घेऊन येत होती. कोपरा बघितला, शिक्का हाय. पण ह्या वेळी पुढं गेली न्हाय. थांबली. आणि मला बोलली, "वर काय लिवलंस, वाच." मी वाचून दाखवलं. तिनं हंडा एका कमरेवरनं दुसऱ्या कमरेवर घेतला. "शुद्ध हाय लिवलंय? मंग नक्कीच खराब हाय." आणि गेली. पुढच्या महिन्यात साहेब वर्गाची परीक्षा घ्यायला आले, त्यात बायजाबाई नापास. शिक्का दिसला की बातमी खरी मानायची की थांबायचं, असा प्रश्न होता. ही बोलली, थांबायचं. साहेबांनी लाल काट मारली.

कारखाना चालू हाय. खड्डा तिथंच हाय. फळ्यावर विहीर शुद्ध हाय. आणि काशीचे दोन हंडे रोज अर्धा मैल कोणी आणायचे? ज्यानं खरं लिहिलं त्यानं! बरं, तेपण चाललं असतं. पण 'शुद्ध' लिहिल्याच्या तिसऱ्याच दिवशी मास्तरांच्या घराच्या मागच्या दारातनं त्यांचा आवाज, अगदी बारीक, "लडकू, जातोच आहेस तर आमचीपण एक कळशी..." मी बोललो, मास्तर, गावची विहीर शुद्ध हाय, मीच लिहिलंय, तुम्हीच सांगितलंय. तर बोलले, "आहे रे, शुद्धच आहे. पण म्हणजे काय तर, घरात पाहुणे आलेत."

आणतो. आता माझ्या मानेला काय, सवय झाली. आणि कालपासनं आणखी एक हंडा वाढलाय, गडी गुपचूप आमच्या पडवीत ठेवून जातो, वर फडकं बांधून, कोणी बघू नये म्हणून. पण हंडा ओळखता येतो हो, गावात तेवढा मोठा दुसऱ्या कोणाकडं हाय? दाजीचा हाय.